सरळ रेघांच्या फायली

शेख सिस्टरांचा दुसरा फोन आला तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि मी ऑफिसात फायलींचे गठ्ठे लावत होतो. आमच्या रुग्णालयात त्या दिवशी तपासणी पथक येणार होतं.

"सर, सारिकाची रेघ अलर्ट लाइनच्या पार गेलीय. सव्वादहालाच सांगितलं होतं तुम्हाला. आता या."

सारिका ढोकीकडची. पहिलटकरीण, माहेरी आलेली. सकाळी सहाला तिची आई तिला रिक्षातून घेऊन आली होती.

रेघेचं थोडं सांगतो. बाळंतपणात एक कागद भरायचा असतो, त्याला पार्टोग्राफ म्हणतात. गर्भपिशवीचं तोंड किती उघडलं, बाळाचं डोकं किती खाली आलं, ठोके किती, हे सगळं वेळ टाकून त्यावर लिहायचं. त्यावर एक तिरकी रेघ आधीच छापलेली असते, ती अलर्ट लाइन. बाईची रेघ तिच्या उजवीकडे गेली की प्रगती थांबली आहे असं समजायचं आणि डॉक्टरनं उठून यायचं.

आमच्याकडे ती कधीच उजवीकडे जात नसे. कारण आम्ही ती बाळ जन्मल्यावर काढत असू. आठ-दहा फायली साठल्या की एखादी सिस्टर बसून पेन्सिलीनं सुबक रेघा ओढायची, मग त्यावर पेन फिरवायची. हे मला माहीत होतं. त्या सकाळी तर मीच लेबर रूममधल्या दोन सिस्टर उचलून मागच्या महिन्याचे कोरे कागद भरायला बसवल्या होत्या.

"टेबलावर बाई आहे सर, दोघी नेऊ नका," शेख सिस्टर म्हणाल्या होत्या.

"दोन तासांचा प्रश्न आहे, सिस्टर."

"फायलींना कळा येत न्हाईत. बाईला येतात."

मी हसून विषय टाळला होता. शेख सिस्टर लेबर रूमच्या इन्चार्ज. कागदावर डॉक्टर म्हणून मी त्यांच्या वर. प्रत्यक्षात कोणत्या टेबलाशी कोण उभं राहणार, नव्या सिस्टरनं कशाला हात लावायचा, डॉक्टरला कधी बोलवायचं, हे त्या ठरवत. पोटावर हात ठेवून कळा मोजायला तिथल्या सगळ्या जणी त्यांच्याकडून शिकल्या होत्या. खरं तर मीही.

तर साडेअकराच्या त्या फोनवर मी विचारलं, "आपल्याकडे कुणाची रेघ कधी पार गेलीय का?"

"आपण बाळ झाल्यावर काढतो, कशी जाईल? ही मी सहापासून काढतेय."

"बरं, मग कळा वाढवायचं सलाइन लावा. मी येतोच."

"लावणार न्हाई. कळा दणकून येतायत, डोकं वरच अडकलंय. पाणी हिरवं झालंय. औषध दिलं तर पिशवी फाटंल."

"माझी ऑर्डर आहे, सिस्टर."

"मग इथं येऊन, बाईला बघून लिहून द्या."

त्यांनी फोन ठेवला. मला राग आला. पाणी हिरवं म्हणजे बाळानं आतच शी केली आहे, ते त्रासात आहे. हे मला विद्यार्थी असल्यापासून माहीत आहे. तरी मी उठलो नाही. पथकाची गाडी फाटकात शिरत होती आणि मला त्यांच्या स्वागताला उभं राहायचं होतं. दुसरं कारण नाही.

पुढची पन्नास मिनिटं मी पथकाला फायली दाखवल्या. नोंदी छान आहेत, असं ते म्हणाले.

तेवढ्या वेळात शेख सिस्टरांनी काय केलं ते मला नंतर कळलं. ऑफिसातल्या दोन्ही सिस्टरना त्यांनी परत बोलावून घेतलं. एकीला ठोके ऐकायला बसवलं, दुसरीला ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, तयार करायला पाठवलं. भूलतज्ज्ञांना स्वतः फोन केला. रक्ताची सोय केली. सारिकाच्या आईला बाजूला घेऊन सिझर लागणार हे समजावून सांगितलं. यातलं एकही काम माझ्या परवानगीनं झालं नाही.

बारा वाजून वीस मिनिटांनी त्या दोघींतली धाकटी सिस्टर ऑफिसच्या दारात आली. पथकासमोरच म्हणाली, "सर, ओटीत सगळे आलेत. तुम्हीच राहिलात."

मी धावलो. ठोके शंभराच्या खाली गेले होते. पाऊण वाजता बाळ बाहेर काढलं. मुलगी. रडली नाही. पिशवीचा खालचा भाग कागदासारखा पातळ झाला होता. मी सांगितलेलं सलाइन लावलं असतं तर तो टिकला नसता. मुलगी रडायला बराच वेळ लागला. मग तिला काचेच्या पेटीत ठेवलं.

बाहेर सारिकाची आई माझ्या पाया पडायला वाकली. "तुमी होता म्हणून लेक वाचली बगा, सायेब." शेख सिस्टर शेजारीच उभ्या होत्या. मी गप्प राहिलो.

त्याहून वाईट पुढे केलं. केसपेपरवर मी लिहिलं, 'पेशंट तपासला, वेळ साडेअकरा. सिझरचा निर्णय.' मग शेख सिस्टरांना म्हणालो, "तुमच्या कागदावर माझी वेळ बारा-वीस पडलीय. जरा मागं घ्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरगी अजून पेटीत हाय, सर. उद्या तिला काय झालं तर तिच्या आईला कोणती वेळ सांगायची?"

मी घरी गेलो. जेवण गेलं नाही. सकाळी आधी पेटीपाशी गेलो. मुलगी दूध ओढत नव्हती, नळीनं द्यावं लागत होतं. तिथून येऊन मी साडेअकरावर काट मारली, बारा-वीस लिहिलं आणि खाली सही केली. नंतर सारिकाच्या आईला सगळं सांगितलं. मी उशिरा आलो, सिस्टर माझ्यासाठी थांबल्या असत्या तर दोघी गेल्या असत्या, हेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. परत पाया पडली नाही.

अधीक्षक म्हणाले, "कुणी विचारलं नव्हतं. कशाला उकरता?" काट मारलेली वेळ फायलीत राहिली, म्हणून मला मेमो आला. तो योग्यच होता.

मुलगी नवव्या दिवशी घरी गेली. ती आता चालते, पण वर्षाच्या आसपास चालायला हवी होती ती दीड वर्षाची झाल्यावर चालली. त्याचं कारण ती पन्नास मिनिटं आहेत का, हे कोणी सांगू शकत नाही. मीही नाही.

आता लेबर रूममधून 'या' असा फोन आला की मी आधी निघतो. काय विचारायचं ते जिन्यात विचारतो.