ताऱ्याची पाळी

निरवांगीचे गणिताचे शिक्षक सोपान मारकड यांचं गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी सव्वासात वाजता बारामतीच्या एका रुग्णालयात निधन झालं. वय अठ्ठावन्न. बातमी दैनिकात माझ्याच टेबलावर आली. चार ओळींत लिहिली. त्यातले ‘एका ताऱ्याचे शोधकर्ते’ हे शब्द लिहायला मात्र वेळ लागला...

सोपान शाळेपासूनचा मित्र. या कामाला त्यानंच मला लावलं. मोठ्या दुर्बिणी आकाशाची पाहणी करतात, लाखो ताऱ्यांच्या तेजाच्या नोंदी घेतात. त्यांचे आलेख हौशी माणसांना घरच्या संगणकावर बघायला मिळतात. तेज ठरावीक काळानं कमीजास्त होत असेल तर ‘बदल’, नसेल तर ‘बदल नाही’, अशी खूण करायची. आम्ही दोघांत एक गठ्ठा घेतला आणि पाटाच्या पाण्यासारख्या पाळ्या लावल्या. एक आठवडा त्याचा, एक माझा.

माझ्या पाळीत साखर कारखान्याची निवडणूक आली, बातमीसाठी मला जावं लागणार होतं. निम्मे आलेख बघून झाले होते. उरलेले बघायला मी सोपानला फोनवर सांगितलं. “जा की. पाण्याची दारं मी धरतो,” तो म्हणाला. त्याच आठवड्यात त्याला तेज बदलणारा तो तारा सापडला. ताऱ्यांच्या सूचीत शोधकर्ता म्हणून त्याचं एकट्याचं नाव लागलं. ती बातमी मी आतल्या पानावर दिली, फोटोशिवाय. फोटो माझ्याकडे होता.

शाळेनं सत्कार ठेवला. चहाच्या वेळी मी सगळ्यांदेखत मुख्याध्यापकांना म्हणालो, “पाळी माझी होती, गुरुजी.” ते हसले. सोपान हसला नाही.

“व्हय, पाळी त्याचीच व्हती,” तो म्हणाला. मग मला बाजूला घेतलं. “तुजं नाव लावाय कळवू का? मी सांगितलं तर लावत्याल.”

“उपकार नकोत.”

“ऱ्हायलं. पेढा तरी खा. का त्यो बी आतल्या पानावर टाकतूस?”

त्यानंतर इंदापूरकडच्या शाळा त्याला व्याख्यानाला बोलावू लागल्या. त्या कार्यक्रमांची पत्रकं माझ्याकडे यायची. कार्यक्रम होऊन जाईपर्यंत मी ती दाबून ठेवायचो. त्याच्या घरी जायचो, चहा घ्यायचो, ताऱ्याचं नाव काढायचो नाही. तोही काढायचा नाही.

तेरावा झाल्यावर मी पाहणीच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. तो तारा माझ्या पाळीतल्या उरलेल्या आलेखांत होता, कामामुळे मला जावं लागलं, म्हणून सूचीत माझंही नाव जोडावं, अशी मागणी केली.

गेल्या गुरुवारी उत्तर आलं, सोबत मूळ नोंदी. तो आलेख उरलेल्यांत नव्हता. निवडणुकीच्या त्या आठवड्यात सोमवारी सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी तो माझ्या खात्यातून उघडला गेला आणि सहा सेकंदांत त्यावर ‘बदल नाही’ अशी खूण झाली. बुधवारी सोपाननं उरलेले आलेख संपवून माझेही पहिल्यापासून पुन्हा उघडले. या आलेखावर तो एकोणीस मिनिटं होता. आधीची खूण, माझ्या नावासह, त्याच्या पडद्यावर दिसत होती.