वाजंत्रीच्या चालीने फटफटी

चनमल्लप्पांना मी पहिल्यांदा नीट पाहिले तेव्हा ते फटफटीवर बसलेले नव्हते. ते ती ढकलत होते. मंगळवार पेठेतून एक उंच, जरासा वाकलेला गृहस्थ चालला होता. अंगात काळा कोट, डोक्याला रुमाल, आणि हट्टी म्हशीची शिंगे धरावीत तशा त्या गाडीच्या दोन्ही मुठी धरलेल्या. भांड्यांच्या दुकानातून कोणीतरी ओरडले, "काय हो, चरायला नेताय का?"

चनमल्लप्पा हसले आणि मान खाली घालून पुढे गेले.

मी तेव्हा नुकताच शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो आणि बाळीवेशीत त्यांच्या शेजारच्या खोलीत राहत होतो. साल १९३४. चनमल्लप्पा सुताच्या एका पेढीवर फिरते कारकून होते. अक्कलकोट, वळसंग, बार्शी असे गावोगाव जाऊन ते दुकानदारांना नमुने दाखवत. गिरणीतला एक साहेब विलायतेला परत जाताना आपली फटफटी पेढीच्या मालकांना देऊन गेला. मालकांना तिची भीती वाटे, म्हणून ती चनमल्लप्पांकडे आली.

अक्कलकोटच्या मोकळ्या रस्त्यावर ते ती झकास पळवत. धोतराचा सोगा दोरीने पोटरीशी बांधलेला, रुमाल दातांत धरलेला. पण गाव आले, माणसे आणि बैलगाड्या आल्या, चाल धीमी करायची वेळ आली, की गाडी एका अंगाला कलायची. मग ते उतरायचे आणि ढकलत घरी यायचे.

त्यांना मूलबाळ नव्हते. बायको लवकर गेली. थोरली बहीण निंगव्वा विधवा होऊन तान्ह्या दाक्षायणीला घेऊन आली, ती कायमची इथेच राहिली. भाचीचे सगळे त्यांनीच केले. गल्लीतल्या लग्नकार्यात निंगव्वा मागे चुलीपाशी बसायची. पुढे यायला तिला कोणी सांगत नसे आणि तीही येत नसे. आता दाक्षायणीचे लग्न ठरले होते. निंगव्वाच्या स्वतःच्या दारात पहिल्यांदा वाजंत्री वाजणार होती.

सुपारी फुटली त्या दिवशी अक्कलकोटचे व्याही विरुपाक्षप्पा पान खात मजेने म्हणाले, "काय मामा, जावयाला घोड्यावरनं आणणार का तुमच्या त्या फटफटीवरनं?"

सगळे हसले. भांड्यांचा दुकानदारही तिथे होता. चनमल्लप्पांच्या तोंडून निघून गेले, "फटफटीवरनं! वाजंत्रीच्या चालीनं आणतो की. बघाच."

आतल्या दारात निंगव्वा उभी होती. तिने पदर तोंडाशी नेला. तिला इतके हसताना मी कधी पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येक घरी ती सांगून आली, की माझा भाऊ जावयाला फटफटीवरून आणणार आहे.

आता शब्द परत घेता येण्याजोगा राहिला नाही.

स्टेशनाच्या बाजूला कापसाची एक वखार होती. वैशाखात ती रिकामी असे आणि तिचे आवार चांगले ऐसपैस होते. तिथला दिवसाचा रखवालदार दस्तगीर चनमल्लप्पांचा जुना ओळखीचा. दुपारी पेढी बंद असली की चनमल्लप्पा तिथे जायचे. सूत गुंडाळायच्या जुन्या लाकडी बॉबिनी लांब लांब अंतरावर उभ्या करायचे आणि त्यांच्यामधून गाडी वळवायची, पाय जमिनीला न लावता, चालत्या माणसाच्या वेगाने.

दस्तगीर बाजेवर बसून बघायचा. "अरे भई, बॉबिन नइं, तुमीच गिरतें! बॉबिन कू तो कुच नइं हुआ!"

ते पडायचे खरे. आणि का पडतात हे त्यांना तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळले. गाडी हळू झाली आणि थोडी कलली, की त्यांचा डावा हात मूठ सोडून छातीवर जायचा.

ते लिंगायत. जन्मल्यापासून गळ्यात इष्टलिंग, चांदीच्या डबीत, दोऱ्याला बांधलेले. ते अंगावेगळे करायचे नाही, त्याचा जमिनीला स्पर्श होऊ द्यायचा नाही, तळहातावर घेऊन त्याची पूजा केल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. लहानपणी पळताना, विहिरीत वाकताना, झाडावर चढताना हात आधी तिकडे जातो. ही सवय कोणी शिकवत नाही, ती लागते. पण क्लचची मूठ डाव्या हाताखाली. हात तिथून सुटला की गाडी आचका खायची आणि आडवी व्हायची.

त्यांनी उपरण्याने डबी छातीशी आवळून बांधली. डबी जागची हलेना. पण हाताला ते कोण सांगणार? तो जायचाच. एकदा तर ते पडताना दोरा मुठीत अडकला आणि तुटता तुटता राहिला. चनमल्लप्पा धुळीत तसेच बसून राहिले. नंतर मला म्हणाले होते, "मास्तर, गुडघा फुटला हे घरी गेल्यावर कळलं."

लग्नाला तीन दिवस राहिले. त्या दिवशी त्यांनी गळ्यातला दोरा काढला. डबी धुतलेल्या उपरण्यात गुंडाळली आणि दस्तगीरच्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवली. जमिनीवर पडू नये म्हणूनच ठेवतो आहे, असे त्यांनी स्वतःला सांगितले.

पहिल्या फेरीला हात छातीवर गेला. तिथे काही नव्हते. दुसऱ्या फेरीला तो अर्ध्यातून परतला. तिसऱ्या फेरीला मूठ सोडलीच नाही. बॉबिनींमधून गाडी नागमोडी गेली, शेवटच्या बॉबिनीला वळसा घालून परत आली, आणि पाय जमिनीला लागला नाही.

"वा रे मामू!" दस्तगीर बाजेवर उभा राहिला. "अब लाओ दामाद कू!"

आनंदात चनमल्लप्पा थांबलेच नाहीत. फाटकातून तसेच बाहेर पडले. मंगळवार पेठेतून, भांड्यांच्या दुकानासमोरून, बैलगाडीच्या मागोमाग गाडी फटफट करत हळू हळू गेली. दुकानातून कोणी काही बोलले नाही. दारात निंगव्वा करंज्यांचे ताट घेऊनच बाहेर आली.

"चन्ना, आलास की रे चालवत! घे, पयली तुलाच."

त्यांनी करंजी खाल्ली. दुसरी घेतली. सारण पडू नये म्हणून हात छातीपाशी धरला, आणि तो तिथेच थांबला.

"काय झालं?" निंगव्वाने विचारले.

"काय न्हाय. वखारीत जरा राहिलंय." एवढेच बोलून ते निघाले. या वेळी गाडी कशी गेली, रस्त्यात कोण आडवे आले, त्यांना आठवत नव्हते.

सांज होत आली होती. एरवी या वेळेला दस्तगीर फाटक लोटून घरी गेलेला असे. आज तो खोलीत, कोनाड्यासमोर काठी घेऊन बसला होता.

"बकऱ्या अंदर घुसतें," तो म्हणाला. "मैं हात नइं लगाया. तुमारे देव की चीज. मेरेकू क्या मालूम हात लगाना की नइं. नमाज बी यइंच पढ लिया."

चनमल्लप्पांनी दोरा गळ्यात घातला. दस्तगीरकडे त्यांना बघवले नाही. जी गोष्ट त्याने हातही न लावता राखली, ती आपण कोनाड्यात विसरून करंज्या खात होतो. गाडी चालू न करता त्यांनी ती ढकलत घरी नेली.

निंगव्वा अजून चुलीपाशीच होती.

"अक्का, मी लिंग काढून ठेवलं होतं."

तिने झारा खाली ठेवला. "कशापायी?"

"गाडी पडू नये म्हणून."

"पडली न्हाय?"

"न्हाय."

निंगव्वाने कढई चुलीवरून उतरवली.

"आणि वर खाल्लंस."

"व्हय."

"मीच दिलं की," निंगव्वा म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला.

हे त्यांना सर्वांत जास्त लागले. ती रागावली असती तर बरे झाले असते.

सकाळी दोघे मठात गेले. म्हाताऱ्या स्वामींनी फार विचारले नाही. दिवसभर उपास करायला लावला, संध्याकाळी विधी करून लिंग पुन्हा गळ्यात घातले. परत येताना निंगव्वा हळूच म्हणाली, "मग आता घोडा सांगू का?"

"नको. शब्द दिलाय. फटफटीवरनं, वाजंत्रीच्या चालीनं. तेवढं होईल." थोडे थांबून ते म्हणाले, "हे गळ्यात असताना मला ती हळू चालवता येत न्हाय अक्का. आणि काढून मी चालवणार न्हाय."

"लोक हसतील."

"हसतील की."

लग्नाच्या सकाळी पाहुणे उतरले होते तिथे अर्धी बाळीवेस जमली. फटफटीला आंब्याची पाने बांधलेली. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव तिच्यावर बसला. चनमल्लप्पा बाजूला उभे राहिले, एक हात पुढच्या मुठीवर, एक मागच्या कॅरिअरवर.

"अहो मामा," विरुपाक्षप्पा म्हणाले, "चालू तर करा. आवाज होऊ द्या की जरा!"

"मला हळू चालवता येत न्हाय," चनमल्लप्पा म्हणाले. हळू आवाजात म्हटले असते तरी चालले असते, पण त्यांनी ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हटले.

"मग सुपारीला बोललात ते?"

"ते खोटं बोललो."

मग हसणे फुटले, आणि ते वाजंत्रीच्या पुढे पुढे गेले. भांड्यांचा दुकानदार तर तयारच होता: "आज जोडीनं चरायला निघाले!" नवरदेवाचेही कान लाल झाले. चनमल्लप्पांची मान वर झाली नाही. मी मिरवणुकीत मागे होतो. मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती, आणि कोटावर पसरत गेलेला घाम.

बाळीवेशीच्या चढावर गाडी जड झाली. वाजंत्री थांबेना. तेवढ्यात नेहमीप्रमाणे त्यांचा डावा हात कोणाला काही न सांगता मूठ सोडून छातीवर गेला. गाडी कलली. निंगव्वा मांडवाच्या दारात आरती घेऊन उभी होती, तिच्या तोंडून "अय्यय्यो" निघाले.

गाडी पडली नाही. धुतलेला कुर्ता घातलेला दस्तगीर गर्दीतून येऊन पलीकडून तिला धरून उभा होता.

"तुम तुमारा सँभालो," तो म्हणाला. "ये मैं पकड्या."

चनमल्लप्पांनी मान वर केली नाही. पण छातीवरचा हात त्यांनी चढ संपेपर्यंत तिथेच ठेवला, आणि दुसऱ्या हाताने, वाजंत्रीच्या चालीने, गाडी दारापर्यंत नेली.