खोकून सांगितलेली कंबर

आमचे हे टेलर. उभा जन्म लोकांच्या कंबरा मोजण्यात गेला, पण एकाही माणसाला त्यांनी त्याच्या कमरेचा खरा आकडा सांगितला नाही. ह्यात फसवाफसवी नव्हती हं. कपडा अंगाबरोबर बसायचा. फक्त आकडा सांगायची रीत वेगळी होती.

दुकानात त्यांच्या मागे स्टुलावर बसून मी काजं-बटणं करायची आणि मापं लिहून घ्यायची. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की हे गळ्यातला टेप काढत, त्याच्या पोटाभोवती फिरवत आणि मोठ्यानं म्हणत, "कंबर चौतीस!" गिऱ्हाईक खुलायचं. मग हे तोंडावर मूठ धरून खोकायचे. एक खोकला म्हणजे एक इंच. तीनदा खोकले की मी मुकाट्यानं सदतीस लिहायची. काही जाड माणसांना इतके खोकले लागायचे की तेच काळजीनं विचारायचे, "मास्तर, छातीचा फोटो काढलात का?"

"अहो, खरं सांगितलं तर काय बिघडेल?" असं मी लग्न नवं होतं तेव्हा विचारलं होतं.

"अगं, तो पँट शिवायला आलाय, शिक्षा ऐकायला नाही," हे म्हणाले. त्यावर मी पुन्हा विचारलं नाही.

स्वतःच्या बाबतीत तर फारच कौतुक. लग्नातली पँट हे अजून घालत होते. कमरेला घट्ट झाली की दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून बाजूची शिवण उसवायची आणि आत एक पट्टी घालायची. पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूला. मग मागे एक तिकोनी तुकडा. होता होता त्या पँटीत लग्नाचे म्हणावेत असे दोन खिसे तेवढे उरले होते, बाकी सगळी नंतरची भरती. तरी जावई आले की हे आरशापुढे उभे राहून म्हणायचे, "बघा, लग्नातली पँट अजून होते मला!" जावई बिचारे हो म्हणायचे. जावयाला दुसरं काय म्हणता येतं?

एक दिवस घरात टकटक ऐकू यायला लागली. मला वाटलं नळ गळतोय. लेक म्हणाली, पंख्याचं काहीतरी सैल झालंय. नातीला वाटलं भूत आहे, आणि ती खूश झाली. आम्ही सगळे आवाज शोधत घरभर फिरलो. हे सगळ्यांत पुढे. "थांबा, मी बघतो," म्हणून हे स्वयंपाकघरात गेले की टकटक स्वयंपाकघरात, मोरीकडे गेले की मोरीत. दमून खुर्चीत बसले की भूतही बसायचं.

शेवटी नात जमिनीवर पालथी पडली आणि ओरडली, "आजोबा, तुमच्या टाचेत टाचणी आहे! डोक्याची!"

"हो का?" असं म्हणून ह्यांनी पाय उचलून पाहिला. दुसऱ्या कुणाचा पाय आपल्याकडे शिवायला आलाय, असा. टाचणी पुरी आत गेली होती, नुसतं डोकं बाहेर. आणि ह्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरांनी ह्यांना डोळे मिटायला लावले आणि तळपायाला एक नायलॉनचा दोरा टेकवत गेले. "कळलं?"

"काय?" हे म्हणाले.

"हे कळलं?"

"तुम्ही सुरू कराल तेव्हा सांगा."

डॉक्टरांनी दोरा खाली ठेवला. मग रक्त तपासलं, दाब पाहिला, पोट मोजलं आणि आजाराचं एक लांबलचक नाव सांगितलं. ते मला अजून नीट म्हणता येत नाही, पण अर्थ कळला. पोटाचा घेर, रक्तातली साखर, रक्तदाब, वाईट चरबी वाढणं आणि चांगली चरबी कमी होणं, ही पाच जणांची टोळी. पाचांतले तिघं जमले की आजार झाला असं धरतात. आमच्याकडे पाचही हजर होते, कुणी रजेवर नव्हतं.

"मास्तर," डॉक्टर म्हणाले, "पायातली जाणीव चाललीय. साखर अशीच राहिली तर उद्या मोठी जखम होईल, चिघळेल, आणि तुम्हाला कळणारसुद्धा नाही. मग पाय ठेवायचा की नाही हे मला ठरवावं लागेल."

ह्यांनी चप्पल पायात सरकवली. मग हळूच म्हणाले, "पण डॉक्टर, माझं मशीन पायाचं आहे."

घरी आल्यावर जावई म्हणाले, मशीनला मोटार बसवून टाकू. हे एकदम चिडले. "मोटारीला कॉलरच्या टोकाशी हळू व्हायचं कळतं का? ते पायाला कळतं." आणि मग आपल्याच पायाकडे बघत राहिले. मी तिथून उठले आणि उगाच भांडी घासायला घेतली. स्वच्छच होती.

डॉक्टरांनी ह्यांना दवाखान्यातल्या वर्गात घातलं. खाणंपिणं, चालणं, झोप, सगळं बदलायचा वर्ग. माणसासोबत घरचं एक माणूस हवंच, म्हणून मीही. वर्ग वरच्या मजल्यावर होता. बाहेर पाटी होती, 'जिना वापरा, हृदय वाचवा', आणि त्या पाटीखाली आम्ही सगळे लिफ्टची वाट बघत उभे असायचो.

शिकवायला एक तरुण मुलगी होती. फार गोड. भूक लागली तर काय खावं, प्रवासात काय खावं, राग आला तर काय खावं, सगळ्याला तिचं उत्तर काकडी. म्हणून तिचं नाव काकडीबाई पडलं. वर्गात आणखी बरेच जण होते, पण आमची गट्टी जमली ती दोघांशी. एक पोस्टातून निवृत्त झालेल्या बाई, आणि दुसरे बेकरीवाले. बेकरीवाले पहिल्याच दिवशी सगळ्यांसाठी गोड बिस्किटं घेऊन आले होते, ओळख व्हावी म्हणून.

मापं घ्यायच्या दिवशी काकडीबाईंचा टेप डबीत गेला तो बाहेरच येईना. हे उभे राहिले, गळ्यातला टेप काढला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही फळ्यावर लिहा. माझा जन्म ह्यातच गेलाय."

तिला बरंच वाटलं. आणि तिथेच घोटाळा झाला.

पोस्टातल्या बाई पुढे आल्या. ह्यांनी टेप फिरवला. "कंबर बत्तीस!" आणि मूठ तोंडावर नेऊन खोकले. चांगले पाच वेळा. बाई लाजून हसल्या. बेकरीवाल्यांना अडतीस सांगितलं आणि इतके खोकले की पाणी आणावं लागलं. काकडीबाईंनी फळ्यावर सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं. खोकले मात्र कुणीच लिहिले नाहीत.

घरी येताना मी म्हटलं, "अहो, ते दुकान नाही. तिथे खरं सांगायचं असतं."

"माणूस आधीच आजारी, त्यात मी त्याला आकडा मारू?"

"आणि डॉक्टरांना कसं कळणार?"

"त्यांना काय पँट शिवायचीय?" झालं. बोलणं संपलं.

त्यांची आणखी एक रीत होती. गिऱ्हाईक जुनं झालं की सवलत वाढवायची. त्यामुळे दर मापाला वर्गाच्या कंबरा फळ्यावर उतरत गेल्या. लोक हरखले. पोस्टातल्या बाई आरशात बघून म्हणाल्या, "मला वाटलंच होतं!" बेकरीवाल्यांनी त्या आनंदात केक वाटला. आणि आमच्या मास्तरांचा खोकला वाढत चाललाय म्हणून त्यांनी औषधाची बाटली आणून दिली. घट्ट पाक नुसता. साखर कमी करायला आलेला माणूस सकाळ-संध्याकाळ चमच्यानं साखर चाटायला लागला. नाही कसं म्हणणार, समोरच्यानं प्रेमानं दिलेलं.

स्वतःचं माप हे स्वतःच घ्यायचे, सगळ्यांत शेवटी. श्वास आत ओढून म्हणायचे, "छत्तीस." एवढंच. स्वतःच्या मापाला ते खोकायचे नाहीत. ते मला फार लागायचं. कारण त्याचा अर्थ असा होता की ते त्यांना खरं वाटत होतं.

डॉक्टर फळा बघायला आले आणि चाटच पडले. मग रक्ताचे अहवाल आले. साखर कुणाचीच जागची हलली नव्हती.

"कंबरा गेल्या, मग चरबी गेली कुठं?" डॉक्टर म्हणाले.

काकडीबाई विचार करून म्हणाली, "सर, ती दुसरीकडे सरकली असेल."

झालं, चरबीचा शोध सुरू झाला. सगळ्यांचे गळे आणि दंड मोजायचं ठरलं. मोजणार कोण, तर आमचे हे. गळेही बारीक निघाले. दंडही निघाले. त्या दिवशी हे इतके खोकले की काकडीबाईंनी खरंच छातीचा फोटो काढायला लावला. फोटो स्वच्छ. डॉक्टर त्या फोटोकडेही बराच वेळ बघत बसले. बहुधा चरबी तिथे लपलीय का ते पाहत असतील.

पुढे वर्गाची गावातून चालण्याची फेरी काढायचं ठरलं, आणि सगळ्यांना सारख्या दोन-दोन पँटी शिवायचं काम ह्यांच्याकडेच आलं. हे आनंदानं बसले. मी बघत होते, मशीन चालवताना मध्येच वाकून खाली बघायचे, पाय पायडलवर आहे ना म्हणून. एकदा चप्पल निसटून कोपऱ्यात गेली होती आणि हे अनवाणी चालवत होते. त्यांना कळलं नव्हतं. मी चप्पल उचलून पायाशी ठेवली.

पँटी घालून बघायच्या दिवशी सगळ्यांना अगदी मापात बसल्या. टाळ्या झाल्या. डॉक्टर सहज म्हणून बेकरीवाल्यांची दुसरी पँट हातात घेऊन बघत होते. बघता बघता त्यांनी ती टेबलावर पसरली आणि टेप लावला.

"मास्तर, फळ्यावर ह्यांची कंबर छत्तीस आहे."

"हो."

"ही पँट चव्वेचाळीस आहे."

"हो."

"मग बसली कशी?"

"चव्वेचाळीस आहे म्हणून बसली."

"आणि छत्तीस कुणाची?"

"ती सांगायची," हे म्हणाले.

पोस्टातल्या बाईंनी आपल्या पँटीचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. "मास्तर, म्हणजे माझीसुद्धा?"

हे मूठ तोंडावर नेऊन खोकले.

तेव्हा बेकरीवाल्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "अहो, म्हणजे तो खोकला... आणि मी मूर्खासारखा बाटल्या आणून देतोय तुम्हाला!"

मग जो गलका झाला! काकडीबाई रडकुंडीला आली. कुणी म्हणालं, मास्तरांना वर्गातून काढा. डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाले, "इतक्या दिवसांचं सगळं फुकट. मास्तर, तुम्हाला इथे ठेवून मी काय करू?"

ह्यांचा चेहरा पडला. वर्गातून गेले की पायाची शेवटची आशाही गेली, हे मला कळत होतं. मी उठले आणि ह्यांच्या गळ्यातला टेप काढून घेतला.

"सगळ्यांचं झालं," मी म्हटलं, "ह्यांचं माप कुणी घेतलंय?"

"अगं, मी घेतो ना माझं."

"हात वर करा."

हे लहान मुलासारखे उभे राहिले आणि श्वास आत ओढला.

"सोडा श्वास."

"जरा सैल धर."

"श्वास सोडा म्हटलं ना."

त्यांनी सोडला. ती लग्नातली पँट, तिच्या सगळ्या पट्ट्यांसकट, माझ्या हातांखाली फुगली. मी आकडा वाचला आणि मोठ्यानं सांगितला, "शेहेचाळीस." आणि खोकले नाही.

हे माझ्याकडे बघत राहिले. खोकल्याची वाट बघत असावेत. मग म्हणाले, "टेप जुना आहे. आटला असेल."

"टेप आटतो?" डॉक्टरांनी विचारलं.

पहिल्यांदा पोस्टातल्या बाई हसल्या. मग बेकरीवाले, मग सगळे. हे खुर्चीत बसले. हसणं ओसरल्यावर तळपायाकडे बघत म्हणाले, "दुखत नव्हता ना, म्हणून मला वाटलं, बरा आहे."

त्यावर कुणी हसलं नाही. थोड्या वेळानं पोस्टातल्या बाई उठून माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. "काकू, माझं घ्या. मोठ्यानं सांगा."

त्या दिवशी फळा पुसून खरे आकडे लिहिले गेले. एका दुपारीत सगळा वर्ग हातभर जाड झाला. डॉक्टरांना वर काय कळवावं ते सुचेना. पण वर्ग खऱ्या अर्थानं सुरू झाला तो तेव्हापासून. आम्ही जिना चढायला लागलो. बेकरीवाल्यांनी बिस्किटं आणणं थांबवलं, आणि ती बाटलीही परत नेली. शिवलेले कपडे हे आता घरोघरी पायी पोचवायला जातात. निघताना आणि आल्यावर नात आजोबांचे तळपाय उलटे करून तपासते, अगदी दारोगा. जेवताना ताटात आधी भाजी आणि काकडी, मग उरलेल्या जागेत बाकीचं. हे कुरकुरतात, पण खातात.

परवा दुपारी हे लग्नातल्या पँटीची मागची पट्टी उसवत बसले होते. हो, पट्टी काढत होते, घालत नव्हते. उसवताना टाचणी खाली पडली, हे उठले आणि एकदम किंचाळले, "आई गं!"

मी धावत आले. "काय झालं? लागलं?"

"लागलं!" हे ओरडले. डोळ्यांत पाणी, आणि तोंडभर हसू. "अगं, लागलं!"

नातीनं टाळ्या वाजवल्या. लेकीनं फोन करून जावयांना सांगितलं, बाबांना टाचणी टोचली. पलीकडून जावई अभिनंदन म्हणाले.

"आणि हा?" म्हणून मी त्यांचा दुसरा पाय मांडीवर घेतला. टाचणीचं टोक हलकेच टेकवलं.

"लागलं," हे म्हणाले. आणि मग मूठ तोंडावर नेऊन दोनदा खोकले.

मी टाचणी डबीत ठेवली आणि काकडी चिरायला घेतली.