गव्यासाठी बत्तीस की बावीस

यादी केल्याशिवाय मी कुठलंही काम सुरू करत नाही. बाजाराची यादी, शाळेच्या ऑफिसातल्या कपाटांची यादी, नवरा बोटीवर जायला निघाला की त्याच्या बॅगेची यादी, आणि तो गेल्यावर तो काय काय विसरला त्याची यादी. पण पिस्तुलांची यादी करायची वेळ येईल असं पन्नाशी उलटेपर्यंत कधी वाटलं नव्हतं.

ती आली चाळीस कलमांमुळे. पेडण्यात आमच्या घरामागचा चढ चढलं की काजूचा डोंगर लागतो. खालची जुनी झाडं सासऱ्यांच्या हातची. वरच्या कातळी सड्याजवळची चाळीस कलमं माझी. प्रत्येकाला नंबराचा पत्रा आहे आणि वहीत प्रत्येकाचं पान आहे. सतरा नंबरचं दोनदा मेलं, तिसऱ्यांदा जगलं. उन्हाळ्यात कळशीने पाणी चढवून मी ती वाढवली, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच चाळीसच्या चाळीस मोहोरली.

त्याच आठवड्यात सकाळी पाव घेऊन आलेल्या पोदेराने भोंगा वाजवायचं सोडून जनेलाच्या गजांशी तोंड आणलं.

"बाये, तुमच्या दोंगरार गवो रेडो आसा. एकलोच. म्हज्या स्कुटरापरस व्हड."

"नीट बघितलात?"

"पावांच्या पाटल्यासकट धरून सांगतां."

टोपलीसकट केलेली ही मोजणी मला पटली. दुपारपर्यंत ती भावोजींनाही पटली होती. भावोजी म्हणजे माझे मोठे दीर, शेजारच्या घरात राहतात. डिचोलीकडच्या खाणीवर स्टोअरमध्ये त्यांची नोकरी झाली. पाना द्यायचा तर सही, पाना परत आला तर सही, असा त्यांचा स्वभाव. त्यामुळे आमचं सहसा पटतं. त्या दिवशी नाही पटलं.

"भाऊ बोटीर," ते म्हणाले. "तुका काय झाला तर तेका मी काय सांगू? गव्यान मारली म्हणून मेसेज धाडू? नाका. यंदा डोंगर पावणेक देऊया."

पावणी म्हणजे लिलाव. हंगामापुरता डोंगर बाहेरच्या माणसाला द्यायचा. तो येतो, काठीने झाडं झोडतो, मिळेल तेवढं नेतो. सासऱ्यांच्या झाडांनी असा मार पूर्वी खाल्ला आहे. माझ्या कलमांच्या फांद्या अंगठ्याएवढ्या होत्या.

"मी स्वतः जाणार," मी म्हटलं.

"हत्यार घेऊन जाशीत तर जा. शिमग्यापर्यंत माका दाखय, कसला हत्यार ता. नायतर पावणी."

सासऱ्यांकडे पीकराखणीची बारा बोअरची बंदूक होती. त्यांच्यामागे ती पोलीस ठाण्यात जमा झाली. शिवाय काजू गोळा करताना एका हातात फांदी ओढायची आकडी असते, दुसऱ्या हाताने बोंडू पिळून बी सुटी करायची, आणि कमरेला पाटला. लांब बंदुकीला तिसरा हात हवा. तेव्हा कमरेला राहील असं छोटं काहीतरी. इथवर मी आणि भावोजी एकमताने आलो. नंतर सुर्ल्याहून माझा दादा आला.

दादाचे खनिजाचे ट्रक होते. खाण बंद पडल्यावर ट्रक उभे राहिले आणि दादा मोबाइल बघू लागला. तिथल्या व्हिडिओंतून कुठल्यातरी बर्फाळ मुलखातला एक दाढीवाला शिकारी त्याच्या ओळखीचा झाला होता. रानात शिकारीला जाताना अस्वलापासून बचावासाठी कमरेला कुठल्या बोअरचं पिस्तूल लावावं, हे तो रोज सांगायचा आणि दादा जेवताना ऐकायचा.

"बाय, चव्वेचाळीस. त्याच्याखाली बघूच नको."

मी वहीत सहा बोअर लिहिले. मग कायद्याची चौकशी केली आणि चार खोडले, कारण ते आपल्याकडे साध्या माणसाला ठेवताच येत नाहीत. उरले दोन. बत्तीसचं रिव्हॉल्व्हर आणि बावीसचं रिव्हॉल्व्हर. भावोजींनी लगेच बत्तीसची बाजू घेतली. त्यामुळे दादाने बावीसची.

"बत्तीसची गोळी जड," भावोजी म्हणाले. "आमच्या सिक्युरिटी हापिसराकडे होता."

"त्यान कधी झाडलो?" दादाने विचारलं.

"झाडूची पाळी येवक नाय. म्हणजे बग, कसला धाक!"

"पावणे, जड गोळी लागली तर जड. बायचं मनगट बघा. बत्तीसाचा धक्का बसला की गोळी जाणार नारळाला. बावीस हलकं, नेम राहतो."

"बावीसान गव्याक काय होताला? तो मागे वळून बघतलो, कोण खाजयता म्हणून."

"अस्वलाबद्दल तो दाढीवालो म्हणता—"

"आमच्याकडे अस्वल खंय आसा? तेका विचार, त्याच्याकडे काजू आसत काय?"

पंधरा दिवस हेच. दादा सुर्ल्याहून मोटरसायकलवर यायचा, बसायला कदेल ओढायचा आणि कालच्या वाक्यापासून पुढे सुरू करायचा. दोघांनीही आयुष्यात पिस्तूल हातात धरलेलं नव्हतं. मीही नाही, म्हणून मी चाचणी घ्यायचं ठरवलं.

सासऱ्यांच्या तराजूची लोखंडी वजनं माळ्यावर होती. बत्तीसचं रिव्हॉल्व्हर पाऊण किलोच्या आसपास भरतं आणि बावीसचं हलक्यातलं पाव किलोच्या आसपास, असं दादाने शोधून दिलं होतं. मी जुन्या पर्सला पट्टा शिवला. पहिल्या दिवशी त्यात अर्धा आणि पाव अशी दोन वजनं घालून परसातल्या काजूखाली वाकून काम केलं. निकाल: अर्ध्या तासात सलवारची नाडी तीनदा बांधावी लागली. दुसऱ्या दिवशी नुसतं पाव किलो. निकाल: नाडी ठीक, पण वाकलं की पर्स पोटाखाली येते आणि सापडत नाही.

मग वेळेची चाचणी. त्यासाठी गवा हवा होता. सासूबाई तयार झाल्या. वय पंच्याऐंशी, गुडघे दुखतात, त्यामुळे गव्यापेक्षा नक्कीच सावकाश. त्यांनी माडाच्या मागून छत्री पुढे धरून यायचं आणि मी आकडी टाकून, पाटला बाजूला सारून, पर्स उघडून वजन बाहेर काढायचं.

पहिल्यांदा चेन अडकली आणि छत्रीचं टोक माझ्या बरगडीत. दुसऱ्यांदा वजन पायावर पडलं. तिसऱ्यांदा मी सावध होते, पण त्या उजवीकडच्या माडामागून आल्या.

"तीनदा मेलीस गो," सासूबाई छत्री मिटत म्हणाल्या. "आता च्या कर."

वहीत मी तिन्ही मरणं लिहिली. पण हत्याराशिवाय डोंगर मिळत नव्हता, म्हणून लायसनसाठी अर्ज केला. हत्याराच्या बोअरचा रकाना तेवढा मोकळा ठेवला. दोघांचं ठरलं की भरू.

चौकशीला हवालदार घरी आले. पोट सुटलेले, बोलायला मऊ. कदेलावर बसून त्यांनी फाइल मांडीवर घेतली.

"स्वसंरक्षण, बरं. धोका कोणापासून?"

मी धोक्यांची टाइप केलेली यादी पुढे केली. त्यांनी पहिली ओळ वाचली आणि पेनाचं टोपण लावलं.

"बाई, गवा आपला राज्यप्राणी."

"ठाऊक आहे."

"म्हणजे सरकारच्या प्राण्यापासून वाचायला तुम्ही सरकारकडेच पिस्तूल मागताय."

"मागणार तरी कोणाकडे?"

त्यांनी चहाचा घोट घेतला. "हे बघा, बत्तीसची गोळी गव्याला लागली तर तो चिडणार. मेला तर सरकार चिडणार. दोन्हीकडून तुम्हीच." मग त्यांनी माझी वही मागून चाळली आणि तीन मरणांपाशी मनापासून हसले. "दुसरं असं, निवडणूक तोंडावर आहे. लायसन आज मिळालं तरी आचारसंहिता लागली की हत्यार ठाण्यात जमा. काजू संपले की परत न्यायचं. तुमच्या सासऱ्यांची बंदूक मी ओळखतो. पंचायत, विधानसभा, लोकसभा; घरापेक्षा आमच्याकडेच जास्त राहिली बिचारी."

"मग डोंगरावर जायचं कसं?"

"आवाज करत. गवा माणसाला शोधत येत नाही. अवचित समोर आलात की बिथरतो. त्याला आधी कळू द्या, तो आपणच वाट सोडतो."

हे मी वहीत लिहिलं, पण शेवटच्या पानावर. यादीत धोक्यासमोरच्या 'साधन' या रकान्यात आवाज कसा लिहायचा ते कळेना. भावोजींना सांगितलं तर ते म्हणाले, "आवाज काय कमरेक लावतलंस?"

अर्ज वर गेला आणि वरच राहिला. शिमग्याला चार दिवस उरले. पावणीवाला माणूस एकदा घरावरून गेला, माझ्या कलमांचं कौतुक करून. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सकाळी सासूबाईंनी त्यांचा उपाय काढला.

"कागद झाले. आता राखणदाराक सांगा."

डोंगराच्या पायथ्याशी, पायवाट चढायला लागते तिथे, आमच्या राखणदाराचा पाषाण आहे. डोंगरावर त्याची नजर असते. वर्षातून एकदा त्याला रोट म्हणजे जाड भाकरी, बिडी आणि थोडी दारू ठेवून गाऱ्हाणं घालायचं. एकाने मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून जोर द्यायचा. गाऱ्हाणं भावोजी घालतात. त्यांचा आवाज खाणीवर यंत्रांच्या वर ऐकू जायचा. दादाही आला होता. सासूबाई काठी टेकत आल्या. मी पाऊण किलो कमरेला लावून गेले. चाचणीचा शेवटचा दिवस बाकी होता.

"बा देवा राखणदारा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या तुझ्या लेकरांनी रोट आणि बिडी ठेवली आसा, ती मान्य करून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ही आमची सून डोंगरार जातली, तिका काट्याकुट्यापासून, जनावरापासून सांभाळ, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तिचा लायसन वर अडाकला आसा, ता सोडवून बत्तीस बोअर तिच्या हातात दी, म्हाराजा!"

सासूबाई एकट्याच 'व्हय' म्हणाल्या. भावोजींनी एक डोळा उघडला.

"पावणे, व्हय म्हणा."

"कशाक? बावीस सांगा, म्हणतां."

"देवाच्या पुढ्यात हट्ट?"

"तुम्ही देवाक चुकीची माहिती देतात!"

"देवाक सगळा कळता!"

"मग बोअर कित्याक सांगलो? तोच ठरवतलो आसलो!"

"मोडलास! गाऱ्हाणा मोडलास!" भावोजींचा आवाज आता यंत्रांच्या वर गेला होता. "बत्तीस!"

"बावीस!"

"अरे, रोट थंड झालो," सासूबाई म्हणाल्या.

मी पाषाणामागे बघत होते. करवंदीच्या जाळीत एक काळा धोंडा होता. तो धोंडा गेल्या वर्षी नव्हता. मग त्याचे कान हलले. खाली चार पाय दिसले, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे. गवा धरून आम्ही पाच जण एकमेकांपासून बैलगाडीच्या लांबीवर होतो आणि त्यातल्या तिघांना त्याचा पत्ता नव्हता.

माझा हात आपोआप कमरेकडे गेला, चेन सरकली आणि अर्धा किलोचं वजन पहिल्यांदाच एका झटक्यात बाहेर आलं. ते गव्यावर रोखून मी उभी राहिले. गव्याने वजनाकडे पाहिलंही नाही. भावोजी 'बत्तीस' म्हणाले की तो भावोजींकडे बघे, दादा 'बावीस' म्हणाला की दादाकडे. दोन्ही बाजू पुरत्या ऐकून त्याने एकदा जोरात फुसकारलं, पाठ फिरवली आणि करवंदी मोडत पलीकडच्या ओहोळाकडे उतरून गेला.

फुसकारा ऐकून दोघांनी भांडण सोडून मान वळवली.

"ता काय?" भावोजी म्हणाले.

"गवा," मी म्हटलं. "केव्हाचा उभा होता."

भावोजी रोटाच्या शेजारी बसले. दादाने जाळीत वाकून बघितलं. शेणाला अजून वाफ होती. तोही बसला. भावोजी म्हणाले, "बत्तीस आसता तर..."

"तर काय?" दादा म्हणाला, पण हळू.

मी वजन पर्समध्ये घातलं आणि वही काढली. हवालदारांनी सांगितलेलं शेवटच्या पानावरचं वाचून दाखवलं. मग विचारलं, "त्याला कशाने घालवलं? पिस्तुलाने?"

दादाने मोडलेल्या करवंदीकडे बघितलं, भावोजींनी माझ्या पर्सकडे.

"उद्यापासून साडेसहाला दोघांनी डोंगराच्या पायथ्याशी यायचं. मी काजू गोळा करीन. तुम्ही माझ्या मागून चालायचं आणि बोलायचं. शाळा आठला, म्हणून साडेसातला बंद."

"रोज काय बोलायचा?" भावोजींनी विचारलं. पावणीचं नाव त्यांनी काढलं नाही.

"बत्तीस आणि बावीस संपलं की मी खोडलेले चार आहेत."

त्या हंगामात दोघांचा एकही खाडा झाला नाही. दादाला ताप होता त्या दिवशी त्याने फोन लावून स्पीकरवर भांडण केलं. गवा एकदाच दिसला, पलीकडच्या उतारावर, आमच्याकडे पाठ करून. चाळीसही कलमांचे काजू मी माझ्या हाताने उतरवले. सतरा नंबरचे बारा बोंडू मी वेगळे मोजले. वहीत 'साधन' या रकान्यात लिहिलं: भावोजी, नग एक. दादा, नग एक. भावोजींनी ते वाचलं आणि जुन्या सवयीने खाली सही केली.

पावसाळ्याच्या तोंडावर अर्जाचं उत्तर आलं. अर्ज अपुरा आहे, असं त्यात होतं. बोअरचा रकाना मोकळा दिसतो, तो भरून अर्ज पुन्हा पाठवावा. पत्र मी फाइलला लावलं. अर्धवट कागद माझ्याकडे पडून राहिला असं आजवर झालेलं नाही. पण तिथे बत्तीस लिहिलं तर दादा यायचा थांबेल आणि बावीस लिहिलं तर भावोजी. रकाना अजून मोकळा आहे.