एकोणीस फूट चार इंच

दोन वर्षांपूर्वी उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी आमच्या फादरनी प्रवचनात गृहपाठ दिला. प्रत्येकाने शुभवर्तमानातलं एक वचन निवडायचं आणि ते असं जगायचं, की शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मनात कायमचं राहील. बायकोने ‘उद्याची चिंता करू नका’ हे निवडलं आणि दुसऱ्या दिवसापासून माझा डबा करणं सोडलं. मी ‘जो मागतो त्याला दे’ हे घेतलं. लोकांनी मागावं असं माझ्याकडे एकच होतं, ते म्हणजे विहीर.

आमचं घर समुद्रापासून दोनशे दहा मीटरवर आहे. मी मोजणी खात्यात नोकरीला आहे, तेव्हा हा आकडा अंदाजाचा नाही. मे महिन्यात वाडीतल्या सगळ्या विहिरी खाऱ्या होतात, फक्त आमची गोडी राहते. आमच्यासकट दहा घरं त्या एका विहिरीवर पावसाळ्यापर्यंत निभावतात.

वडील होते तेव्हा तिथे काथ्याचा एकच दोर असायचा, आणि त्याचं एक टोक खांबाला पक्कं बांधलेलं. कळशी पाण्याला टेकायची थांबली, की त्या दिवसाचं पाणी संपलं. उद्या या. दोर झिजला की नवा आणायचे, पण जुन्याला लावून तेवढाच कापायचे. दहावीत असताना मी तो मोजला होता. एकोणीस फूट चार इंच. विहिरीची खोली चोवीस फूट, व्यास आठ. म्हणजे तळाचं साडेसहा हजार लिटर गोडं पाणी वडील कधी कोणाच्या हाती लागू देत नव्हते. कळशीची उंची धरली तर थोडं कमी, पण कंजूषपणा तेवढाच.

तसेही वडील चर्चच्या बाबतीत आदर्श नव्हते. प्रवचनात झोपायचे आणि शेवटच्या गीताआधी सटकायचे, कारण तेव्हा मासळी उतरायची. बायबल त्यांनी कधी उघडलेलं मला आठवत नाही.

तेव्हा मी ठरवलं, वडिलांची ही उणीव आपण भरून काढायची. विहिरीवर पंप बसवला, कुंपणाच्या दगडी गडग्याबाहेर रस्त्याच्या अंगाला नळ काढला, दोर सोडून लाकडांच्या ढिगावर टाकला. नळाच्या वर पत्र्यावर ऑइलपेंटने वचन रंगवलं, खाली अध्याय आणि ओवी. अक्षरांची उंची दोन इंच, सगळीकडे सारखी.

वाडी खूश झाली. मे लागला, मुंबईचे चाकरमानी आले, तशी ती अधिकच खूश झाली. एक जण त्या वचनाखाली आपली गाडी धूत होता. मला राग आला, पण वचनात गाडीचा अपवाद नव्हता. मी त्याला साबण हवा का विचारलं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या काकी सकाळीच आल्या. सत्तरीच्या, विधवा. धाकट्या मुलीचं लग्न बारा दिवसांवर, दारात मांडव, अडीचशे पान. हातात कप होता.

“ही चाय पी रे.”

मी एक घोट घेतला आणि ठेवला.

“कशी आसा?”

“खारट.”

“माझी डाळ तीन शिट्येत शिजता. काल आठ झाल्ये, तरी दगड. अडीचशे माणसांका मी काय, तुझो बोर्ड वाढू?”

मी म्हटलं, “काकी, पाणी तर भरपूर होतं.”

“वयला पाणी गोडा, खालसून दर्याचा. वयला सगळा उपसलंस की खालचा वर येतला. तुझ्या बापाशीक ह्या ठावक होता. तो काय खुळो नव्हतो.”

दाराशी उभी राहून बायको ऐकत होती. “जगाचा मीठ व्हा म्हणून लिहिलेला आसा,” ती विहिरीकडे बोट करत म्हणाली. “बावीचा नाय.”

मी पंप बंद केला. आठ दिवस विहिरीला कोणी हात लावायचा नाही असं ठरलं. ओढ्यापलीकडे देवळाजवळ एक गोडी विहीर आहे, तिथून मी स्कूटरवर दोन-दोन कॅन आणून दहा घरांना पोचवले. रजा टाकली. एकशे सात खेपा. लोक मला पूर्वी साहेब म्हणायचे, त्या आठवड्यात ‘पाणीवाले’ म्हणू लागले. गाडी धुणारा मुंबईला परत गेला होता.

आठव्या दिवशी काकी पुन्हा आल्या. खांद्यावर वडिलांचा दोर होता. मी लाकडांवर टाकला त्याच दिवशी त्यांनी तो उचलून नेला होता.

“मागितल्याशिवाय नेलंय हां,” त्या म्हणाल्या. “तुझ्या बोर्डार तसा नाय.”

मी दोर खांबाला बांधायला लागलो. त्या पायरीवर बसल्या.

“बापूस तुझो सगळ्यांचा झाल्यावर आपली कळशी सोडी. टेकली तर टेकली. नायतर रिकामीच घेवन घराक जाय. कोणाक सांगणा नाय, काय नाय. आम्हीच बघीत होतो.”

मी गाठ अर्धवट सोडून थांबलो. लहानपणी मेमध्ये काही संध्याकाळी आम्हाला आंघोळ मिळायची नाही. वडील म्हणायचे, “आज नको, तसो पण तू काळोच.” मी ते आळसाच्या खात्यात धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकींनी एक कळशी नेली आणि तासाभराने कुंपणाजवळून सांगितलं, “चार शिट्येत शिजली.” एक शिटी जास्त, पण लग्न होण्यासारखं होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी आधी मांडवाचं पाणी काढलं. पिंपं भरली, मग आठ घरं झाली. ऊन उतरता उतरता माझी पाळी आली. घरात बायको, मी आणि एक बादली धुणं. कळशी सोडली. दोर ताणला, आणि कळशी पाण्यावर चारेक बोटं अधांतरी डोलत राहिली.

पाणी खाली स्वच्छ दिसत होतं. खांबाची गाठ माझ्या हाताशी होती. पाच-सहा इंच दोर सुटला असता तर एका कळशीने साडेसहा हजार लिटरचं काही बिघडलं नसतं. हिशेब अगदी बरोबर होता.

मांडवातून काकींचा आवाज आला. त्या नारळ सोलत होत्या, आणि मान वर न करता म्हणाल्या, “बघतंय हां मी.”

मी रिकामी कळशी वर ओढली आणि घरी आलो. बायकोने तिच्यात डोकावून पाहिलं.

“आंघोळ?” तिने विचारलं.

“आज नको,” मी म्हटलं.