बर्फाची बादली

बादली समोर ठेवली की घोडा आपणहून पुढचा डावा पाय उचलतो आणि बर्फाच्या पाण्यात ठेवतो. डर्बी शर्यतीच्या आठवड्यात सगळा तबेला धावपळीत असतो. हा एकटाच शांत उभा.

तो पाय गुडघ्याखाली गरम लागतोय, म्हणजे आत दुखापत आहे. मी त्याचा सईस, रोज सकाळी पायावरून हात फिरवतो, मला कळणारच. पण शर्यतीआधी घोडे तपासणारे डॉक्टर यायच्या आधी पाय बर्फात ठेवला की त्यांच्या हाताला गार लागतो.

परवा ट्रेनरसाहेबांनी विचारलं, "काय मामा, पाय कसाय?"

"गार आहे साहेब."

"तुम्ही म्हणताय म्हणजे गारच असणार," ते हसत म्हणाले. त्यांना सगळं ठाऊक होतं. खोटं फक्त माझ्या तोंडून हवं होतं. आणि मला नोकरी हवी होती.

माणसाला फसवलं तर तो निदान भांडतो तरी. याला वाटतं, मी पाय बरा करतोय.

आज डॉक्टर तपासून गेले. रविवारी घोडा पळणार. मी बादली मोरीत ओतली आणि मागे वळलो, तर तो पाय उचलून उभा होता, बादलीची वाट बघत.