पोचम्मा गेली कुठं?

देव, करणी, बाहेरची बाधा... यातलं मी काही मानत नाही. उलट ‘अंगात येणं’ हाच माझ्या पीएचडीचा विषय. मी लातूरला कॉलेजात मानववंशशास्त्र शिकवते. ढोलकीचा ठेका, उपास, गर्दी — माणसाचं भान कशानं हरपतं, हे मुलांना मीच समजावून सांगते. तरीही हे लिहितेय.

देगलूरहून बिलोलीकडे जाताना रस्त्यापासून थोडं आत एक गाव आहे. तिथं पत्र्याच्या शेडमध्ये पोचम्मा देवीचं ठाणं. दर मंगळवारी दुपारी शेवंताबाईंच्या अंगात पोचम्मा यायची. साठीच्या, किरकोळ बांध्याच्या बाई. लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून येत होती म्हणे. लोक लांबलांबून प्रश्न घेऊन यायचे. मी वर्षभर जात होते. मोबाईल स्टँडला लावायचा, बाईंच्या बोटाला ऑक्सिमीटर... नाडी कशी चढते ते बघायचं.

त्या मंगळवारी हलगी वाजायला लागली, पण नाडी काही हलेना. बाईंनी डोळे उघडले. घाबरल्या होत्या.

“आज यीना गं लेकी...”

बोटावरचा चिमटा नीट बसलाय का बघायला मी वाकले. इथपर्यंत आठवतं.

नंतर मी जमिनीवर बसलेली. केस सुटलेले, कपाळभर हळद, आणि कुणीतरी माझ्या पाया पडतंय. उन्हं शेडच्या दुसऱ्या बाजूला गेलेली. शेवंताबाई समोर बसून माझ्याकडे एकटक बघत होत्या.

“गेली,” एवढंच म्हणाल्या.

मला भीती वाटली नाही. रडूही आलं नाही. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल बधिर होतो ना, तशी मी सगळीच झाले होते. तोंड धुतलं, बस पकडली, दुसऱ्या दिवशी लेक्चर घेतलं.

व्हिडिओत मी उभी आहे. जागच्या जागी डुलतेय आणि शेवंताबाईंशी बोलतेय. आवाज माझाच, पण शब्द कळत नाहीत. एकच ओळखीचा वाटला — “चालू, चालू.” नांदेडच्या एका मैत्रिणीची मायबोली तेलुगू आहे. तिला ऐकवलं. ती म्हणाली, “चालु म्हणजे पुरे. तू कधी शिकलीस? आमची आजी बोलायची तसलं खेड्यातलं बोलतीयस.”

मला तेलुगू येत नाही. अजूनही नाही.

तिनं अर्थ सांगितला. मी म्हणत होते — पुरे नागम्मा, दमलीस तू. इतकी वर्षं मला वागवलंस, आता मोकळी हो.

नागम्मा हे शेवंताबाईंचं तेलुगू माहेरचं नाव; मी विचारल्यावर त्यांनीच सांगितलं. लग्नात बदललं, ते त्यांच्या मुलालासुद्धा माहीत नव्हतं. त्यांनी बोलता बोलता मला कधी सांगितलं असेल, म्हणून मी सगळी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकली. त्यात नाही. रेकॉर्डिंग बंद असताना सांगितलं असेल, असं मी धरून चालले. पण भाषेचं काय?

त्यानंतर त्यांच्या अंगात आलंच नाही. लोक यायचे बंद झाले. मग त्यांच्या मुलाचा फोन आला. “म्याडम, माय काही जेवीना. तुमचंच नाव घेती. येऊन जा एकडाव.”

गेले. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. वर्षभरात पहिल्यांदा त्या माझ्यावर ओरडल्या.

“मोकळं केलं म्हनं! मी कव्हा म्हनले दमले म्हनून? लोक मला इचारायला येत होते. आता चुलीपुढं बसून काय करू? दे माझी मला परत.”

काय देणार? त्यांच्या हट्टानं आम्ही दोघी शेडमध्ये समोरासमोर बसलो. मुलानं हलगीवाल्याला बोलावलं. तो वाजवत राहिला... घामानं निथळला, हात दुखले, थांबला. माझ्या अंगात काही आलं नाही, त्यांच्याही नाही. मला त्यांची दयाही येईना. येत नाहीये, एवढंच कळत होतं.

त्यांनी माझा हात धरला.

“खरं सांग, तुला तरी येती का?”

“नाही हो, मावशी.”

त्यांनी माझा हात सोडला.

“तुझ्यापाशी न्हाई, माझ्यापाशी न्हाई,” त्या हळूच म्हणाल्या. “मग गेली कुठं?”